अकरावर अडकलेली सकाळ

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला जिनाच चढता आला नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि पायऱ्या तळापासून भरलेल्या. एका पायरीवर खोकणाऱ्या आजी, त्यांच्या वर मांडीवर वही ठेवून अभ्यास करणारी मुलगी, तिच्या वर छातीशी रिपोर्टची पिशवी धरलेले एक गृहस्थ. मी "जरा जाऊ द्या" म्हटलं, तर गृहस्थांनी मान न वळवता विचारलं, "नंबर कितवा?"

"मी पेशंट नाही. कामासाठी आलेय."

"आम्ही काय हौसेनं आलोय?"

पुण्यात येऊन मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. यवतमाळकडच्या माणसाला असं उत्तर मिळालं की तो पहिल्या वर्षी दुखावतो, तिसऱ्या वर्षी चिडतो, आणि पुढं कधीतरी त्याला त्यात मजा यायला लागते. मी मजा येण्यापर्यंत पोचले होते. हसत हसत, कोणाच्या चपला चुकवत, कोणाच्या गुडघ्यांवरून पाय टाकत वर गेले.

मी कर्वेनगरमधल्या एका छोट्या कंपनीत काम करते. छोटी म्हणजे पाच माणसांची. एका सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमध्ये आम्ही चौघं आणि जिथं कोणे एके काळी ओटा होता तिथं आमच्या साहेबांचं टेबल. दवाखान्यांना लागतील अशा वेबवरच्या सेवा आम्ही करतो. या डॉक्टरांना काय हवं होतं, ते त्यांनी मला दोन मिनिटांत सांगितलं. डॉक्टर सत्तरीचे, सडपातळ, बोलताना पेनाचं टोपण काढघाल करणारे.

"लोक सकाळी नंबर लावतात आणि दुपारपर्यंत इथं बसतात. बसल्या जागी एकमेकांचा खोकला घेऊन घरी जातात. मला एवढंच करून द्या, की आत कितवा नंबर चालू आहे ते त्यांना घरी फोनवर दिसेल. पाच नंबर राहिले की निघा म्हणावं. तोवर घरी झोपा."

एक अटही घातली. "माझ्या पेशंटची नावं, कागद, सगळं बाहेरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना, ते तिथंच राहील. या खोलीबाहेर फक्त आकडा जाईल. एक आकडा, बास."

तो बाहेरचा कॉम्प्युटर काउंटरवर होता आणि काउंटरवर एक बाई होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आणि आवाज असा की जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत नंबर एकदाच सांगावा लागायचा. मी आदरानं म्हटलं, "काकू, नंबर पुढं गेला की तुम्ही फक्त हे बटण दाबायचं."

"काकू म्हणू नका. मी तुमची काकू नाही."

"बरं मॅडम, हे बटण..."

"मॅडम तर मुळीच नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. बटण कुठलं ते सांगा."

मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं, कागद चिकटपट्टीनं पडद्याच्या कडेला लावला, आणि त्या दिवसापासून एकही नंबर त्यांच्या हातून चुकला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

पहिली आवृत्ती मी आठवडाभरात उभी केली. पेशंटनं फोनवर पान उघडलं की ते आमच्या सर्व्हरला विचारायचं, सर्व्हर दवाखान्यातल्या त्या कॉम्प्युटरला विचारायचा, आणि आलेला आकडा पानावर मोठ्या अक्षरात दिसायचा. साधं, सरळ. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"तुमचे लोक नंबर विचारून विचारून माझ्या कॉम्प्युटरला मारतायत. मला पेशंटचा कागद उघडता येत नाही."

खरंच होतं. माणूस घरी असला की दर पाच मिनिटांनी बघेल असं मी धरलं होतं. लोक दर पाच सेकंदांनी बघत होते. एका घरातून आई, मुलगा आणि सून अशी तिघं तिघं बघत होती. आणि तो बिचारा जुना कॉम्प्युटर प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देत घरघर करत बसला होता.

मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात. एकदा आणलेला आकडा सर्व्हरनं स्वतःजवळ मिनिटभर ठेवायचा, आणि मिनिटभर येईल त्याला तोच द्यायचा. अशा जवळ ठेवलेल्या प्रतीला आम्ही कॅश म्हणतो. साहेबांनी डॉक्टरांना फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, आता आपण कॅश वापरतोय." डॉक्टर म्हणाले, "मी पहिल्यापासून कॅशच घेतो."

याचाही त्रास निघाला. मिनिट संपलं की प्रत शिळी ठरायची, आणि नेमक्या त्या क्षणी पान उघडणारे सगळे जण पुन्हा एकदम दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर जाऊन आदळायचे. पानावर चक्र फिरत राहायचं. पुन्हा मिनिटभर सगळं छान, पुन्हा चक्र. बाईंनी फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "फिरतंय."

त्या रविवारी मी घरी बसून नवीन मांडणी केली. येणाऱ्या कोणालाही थांबवायचंच नाही. सर्व्हरवर पडद्यामागं एक वेगळा छोटा प्रोग्राम चालू ठेवायचा. दर दहा सेकंदांनी त्यानं दवाखान्याच्या कॉम्प्युटरकडं एकदाच जायचं, आकडा विचारायचा, आणि जुन्या प्रतीच्या जागी नवीन ठेवायची. पेशंट किती का येईनात, त्यांना हातात तयार आकडा मिळणार. दवाखान्याच्या कॉम्प्युटरला विचारणारा एकच, तोही सावकाश.

सोमवारी पान असं उघडायला लागलं की बोट टेकवायच्या आत आकडा समोर. मंगळवारीही तसंच. बुधवारी बाईंचा फोन आला नाही. मी दुपारी स्वतःच केला. "सगळं नीट आहे ना?"

"नसतं तर सांगितलं असतं."

फोन ठेवून मी खुर्चीसकट एक गिरकी घेतली.

त्या हिवाळ्यात बाबा माझ्याकडं राहायला आले होते. ते नुकतेच कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाले होते आणि आईच्या शाळेतल्या नोकरीची दोन वर्षं बाकी होती, म्हणून तिनं त्यांना "घरात नुसते फिरत राहू नका, पोरीकडं जाऊन या" म्हणून पाठवून दिलं होतं. येताना त्यांनी पोतंभर संत्री आणली. ऑफिसच्या पूर्ण मजल्याला ती मी वाटली तरी संपेनात. बाबांचा गुडघा दुखत होता, तर म्हटलं आपल्या डॉक्टरांनाच दाखवू. बुधवारी संध्याकाळी फोन करून नंबर लावला. एकतीस मिळाला.

"गुरुवारी सकाळी घरीच बसा," मी त्यांना म्हटलं. "हे पान बघत राहा. सव्वीस दिसला की रिक्षा करा."

बाबांनी फोन हातात घेऊन पान नीट बघितलं, परत दिला आणि म्हणाले, "चांगलं केलं तू. पण मी काई मोबाईलच्या भरवशावर नाई बसत. मी तिथंच जाऊन बसतो."

"अहो बाबा, ते मीच बनवलंय!"

"म्हूनच तं म्हणतो चांगलं केलं."

गुरुवारी ते नऊ वाजताच बसनं निघाले. सोबत कापडी पिशवी, पिशवीत सात-आठ संत्री. "बसून बसून भूक लागते," म्हणाले.

मी ऑफिसला गेले. साहेबांनी त्या दिवशी दुसऱ्या एका दवाखान्याच्या मॅनेजरना आमचं काम दाखवायला बोलावलं होतं. मी लॅपटॉपवर पान उघडून दाखवलं. झटकन आकडा आला, अकरा. पुन्हा उघडलं, अकरा. मॅनेजरनी स्वतःच्या फोनवर उघडलं. "वा, काय वेग आहे!" साहेब म्हणाले, "आणि चार दिवसांत एकही तक्रार नाही." चहा झाला, गप्पा झाल्या. तासाभरानं जाताना मॅनेजरनी कौतुकानं पुन्हा एकदा उघडून बघितलं. अकरा. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पान इतकं चटकन उघडत होतं की शंका यायला जागाच नव्हती.

बाराच्या सुमाराला बाबांचा फोन आला. आवाज दबका.

"अवं, तुह्या डॉक्टरकडं कोणी येत नाई काय? माणूस तं चांगला दिसते."

"कोणी येत नाही म्हणजे?"

"मी एकटाच बसून रायलो ना इथं. एक माणूस नाई."

"जिन्यावर?"

"जिना रिकामा. आताच कोणीतरी झाडून गेलं."

मी पान उघडलं. अकरा. सर्व्हरची नोंदवही उघडली, तर पडद्यामागच्या त्या प्रोग्रामनं शेवटचा आकडा आणला होता दहा वाजून बावन्न मिनिटांनी. त्याच वेळी पेठेत वीज दोनेक मिनिटांसाठी गेली होती, हे मला नंतर कळलं. दवाखान्याचा कॉम्प्युटर बंद पडला, बाईंनी तो लगेच चालू केला आणि कामाला लागल्या. पण त्या दोन मिनिटांत माझा प्रोग्राम तिथं आकडा विचारायला गेला, समोर कोणी सापडलं नाही, आणि तो तिथंच कोलमडला. पुन्हा उठून जायचं असतं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. आणि तो पडलाय हे कोणाला कळायचं काही कारणही नव्हतं, कारण पुढं सर्व्हर हसतमुखानं शेवटची प्रत वाटत बसला होता. अकरा, अकरा, अकरा.

मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला. दहा सेकंदांत पानावर सतरा आला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की आता काय होणार, आणि मी साहेबांना "जाऊन येते" एवढंच म्हणून स्कूटर काढली.

त्या तासाभरात दवाखान्यात काय झालं ते मला बाबांनी, डॉक्टरांनी आणि बाईंनी वेगवेगळं सांगितलं, पण तिघांचं जुळतं ते असं. पान अकरावर थांबलं तेव्हा सोळापर्यंतची माणसं सांगितल्याप्रमाणे घरातून निघालेली होती. ती आली, तपासून गेली. सतरा नंबर घरी बसून अकराकडं बघत होता, म्हणून तो आला नाही. त्याच्या मागचेही आले नाहीत. बाईंना वाटलं, येतील. त्यांच्याजवळ खरा आकडा होता, त्यांनी कशाला फोनवर पान बघावं?

दहा मिनिटं वाट बघून डॉक्टर दार उघडून बाहेर आले. "आज सगळी पेठ बरी झाली का?"

"सतरा नंबर आलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मग अठरा पाठवा."

"अठराही नाही."

"मग हे कोण?" डॉक्टरांनी बाबांकडं बघून विचारलं.

"एकतीस."

"मग एकतीसला पाठवा."

"मध्ये चौदा जण आहेत."

"कुठं आहेत?"

"येतील."

डॉक्टरांनी बाईंकडं बघितलं, बाकावरच्या बाबांकडं बघितलं. म्हणाले, "यांना आत येता येत नसेल तर मीच बाहेर येतो. मला नंबर नाही ना?" आणि बाबांच्या शेजारी येऊन बसले. तिथंच त्यांनी गुडघा बघितला, पाय वाकवून बघितला, जिनिंगमध्ये किती वर्षं उभ्यानं काम केलं ते विचारलं. बाबांनी एक संत्रं सोलून अर्धं त्यांना दिलं. दुसरं सोलून बाईंच्या काउंटरवर ठेवलं. बाई म्हणाल्या, "मी कामाच्या वेळात खात नाही." थोड्या वेळानं काउंटरवर फक्त साल होती.

लहान मुलांसाठी ठेवलेल्या खेळण्यांच्या टोपलीत एक बुद्धिबळाचा पट होता. त्यातला एक हत्ती आणि एक घोडा कधीच कोणीतरी घरी नेला होता. डॉक्टरांनी हत्तीच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण ठेवलं आणि घोड्याच्या जागी खोडरबर. बाबा जिनिंगमध्ये दुपारच्या सुट्टीत खेळायचे हे मलाही माहीत नव्हतं. मला फोन केला तो त्यांचा डाव रंगात आला असताना, डॉक्टर विचार करत होते तेवढ्या वेळात.

मी स्कूटर लावेपर्यंत जिना पुन्हा भरला होता, आधीच्यापेक्षा जास्त. पान एकदम अकरावरून सतरावर गेल्यामुळं सतरा ते बावीस सगळे एकाच वेळी सुटले होते, आणि त्यांच्यामागून तिशीतलेही, न जाणो पुन्हा उडी मारली तर म्हणून. मी पायऱ्या चढताना कोणीतरी ओळखलं. "याच त्या नंबरवाल्या."

"काय हो, अकरा नंबरचं आत ऑपरेशन चाललं होतं का?"

"मला वाटलं तो राहायलाच आलाय."

"मी तर त्याच्यासाठी देवाला हात जोडले, काय झालं असेल बिचाऱ्याला!"

हे शेवटचं बोलणाऱ्या आजी खरंच काळजीत होत्या. मी प्रत्येक पायरीवर थांबून माफी मागितली. "चूक माझी आहे. नंबर जुना दिसत होता. बाईंची किंवा डॉक्टरांची काही चूक नाही." मला वाटलं होतं लोक चिडतील. एक गृहस्थ म्हणाले, "चूक कबूल करताय म्हणजे तुम्ही इथल्या नाही." सगळा जिना हसला, मीही हसले, आणि माझ्या छातीवरचं ओझं तिथल्या तिथं उतरलं.

वर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "अहो, किती वर्षांनी मी सकाळचा चहा गरम प्यायलो! शिवाय एक डाव हरलो. मला सांगा, हे असं दर गुरुवारी करता येईल का?"

बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी मला काउंटरजवळ बोलावलं, स्वतःच्या शेजारचं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा. मला समजावून सांगा. नंबर खोटा होता, मग तो खरा असल्यासारखा का दिसत होता?"

इतका नेमका प्रश्न मला आमच्या ऑफिसात कोणी विचारला नसता. मी त्यांना सगळं सांगितलं. फोन इथं विचारत नाही, आमच्याकडं विचारतो. आमचा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी इथं येऊन आकडा घेऊन जातो. आज तो मध्येच पडला, आणि आम्ही जुनाच देत राहिलो. बाबा पटावरून मान वर करून म्हणाले, "मंग त्यो गेला होता का नाई गेला, हे बघाले कोण हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तं ठेव ना कोणी."

दुपारभर मी त्या स्टुलावर बसून काम केलं. बाई नंबर पुकारत होत्या, बटण दाबत होत्या, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रोग्रामला पुन्हा उठायला शिकवत होते. आकडा मिळाला नाही तर थोडं थांबून परत जा. पुन्हा नाही मिळाला तर जरा जास्त थांबून परत जा. पण जायचं सोडू नकोस. आणि सलग दोन मिनिटं रिकाम्या हातानं आलास, तर माझा फोन वाजव.

राहिला प्रश्न पानाचा. आकडा आणता आला नाही तर पानावर काय दाखवायचं? साहेब फोनवर म्हणाले, "पुसून टाक. चुकीचं दाखवण्यापेक्षा कोरं बरं." मला ते पटेना. कोरं पान बघून सगळेच घाबरून धावत सुटतील. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये पाणी प्यायला बाहेर आले होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "जुना रिपोर्ट मी फेकून देत नाही. बघतो. फक्त आधी त्याच्यावरची तारीख बघतो."

झालं, ठरलं. आकड्याच्या खाली एक ओळ येईल: हा नंबर इतक्या सेकंदांपूर्वी विचारला. आणि तीन मिनिटांपेक्षा जुना झाला की आकडा करडा होईल आणि खाली सूचना येईल. ती सूचना मी लिहिली: तांत्रिक अडचणीमुळे सदर माहिती अद्ययावत होऊ शकलेली नाही. बाईंनी चष्मा लावून वाचली.

"हे कोणाला कळणार?"

"मग काय लिहू?"

"लिहा. हा नंबर जुना आहे. याच्यावर विसंबू नका. दवाखान्यात फोन करा."

मी तसंच लिहिलं. आजतागायत तेच आहे, आणि आमच्या बाकीच्या दवाखान्यांच्या पानांवरही तेच आहे. साहेबांनी एकदा त्यात "कृपया" घालून बघितला, पण मी काढायला लावला.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गेले. नवीन प्रोग्राम पडतो की सावरतो हे खरंच बघायचं होतं, आणि त्यासाठी दवाखान्याचं इंटरनेट मुद्दाम तोडायला हवं होतं. खोलीत दहाबारा जण बसले होते. बाईंनी उभं राहून सांगितलं, "आता हे बंद करणार आहोत. आपापल्या फोनवर बघा आणि काय दिसतं ते सांगा. उगाच बोलू नका." मग राउटरच्या वायरला हात घालून माझ्याकडं बघितलं. "ओढू?"

"ओढा."

वायर निघाली. खोलीत अशी शांतता की आतल्या पेशंटचा खोकला ऐकू येत होता. सगळे फोनकडं बघतायत. "चाळीस सेकंद," एक जण म्हणाला. "एक मिनिट." "माझ्याकडं एक मिनिट पाच." कोपऱ्यातल्या आजोबांना फोन दिसत नव्हता, त्यांना शेजारची मुलगी वाचून दाखवत होती. दोन मिनिटं झाल्याबरोबर माझ्या पर्समध्ये फोन किंचाळला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन मिनिटं झाली, तशी ती मुलगी ओरडली, "झाला, झाला! जुना झाला!" मग एकेकाच्या फोनवर करडा होत गेला आणि जो तो दुसऱ्याला दाखवायला लागला. डॉक्टरांनी दार उघडून बघितलं. आतला पेशंटही शर्टाची बटणं लावत मागून डोकावला.

बाईंनी वायर परत लावली. मिनिटभरात करडा आकडा काळा झाला, एकानं पुढं सरकला, आणि खाली आलं: दोन सेकंदांपूर्वी विचारला. पुन्हा टाळ्या. "पुरे आता," बाई म्हणाल्या. "आठ नंबर, आत जा." पण त्या वळल्या तेव्हा मी बघितलं, त्या हसत होत्या.

बाबा मार्च लागेपर्यंत राहिले. गुडघा बरा झाला तरी दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला ते जायचे आणि एक डाव खेळून यायचे. हत्तीचं झाकण तेच राहिलं, कारण बाबांच्या मते त्या झाकणावर ते जिंकतात. ते गावी गेले तसे आता ते आणि डॉक्टर फोनवर खेळतात. एकेक चाल दोन दोन दिवस चालते.

जिना मात्र त्या गुरुवारसारखा पूर्ण रिकामा पुन्हा कधी झाला नाही. काही म्हातारी माणसं आकडा बघूनसुद्धा दोन तास आधी येऊन बसतात. मला सुरुवातीला वाईट वाटायचं, आपलं काम यांच्यापर्यंत पोचलं नाही म्हणून. मग एकदा त्यातल्या एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "घरी बसून काय करू? इथं चार माणसं भेटतात." ते पान बघतात, अगदी नियमानं बघतात. पण शेजारी बसलेल्याला "आता तुमचा येईल" असं सांगायला.

यंदा मे महिन्यात मला ताप भरला. सकाळी आठला फोन करून नंबर लावला, तेवीस. बाईंनी आवाज ओळखला असणार, पण नुसतं "तेवीस" म्हणून ठेवून दिला. अंग तापलेलं, डोकं ठणकत होतं. पलंगावर पडून मी पान उघडलं. चार. तीन सेकंदांपूर्वी विचारला. इतक्या महिन्यांत ते पान मी हजार वेळा उघडलं असेल, पण नेहमी चूक शोधायला. आज पहिल्यांदा मला ते खरंच हवं होतं. थोड्या वेळानं बघितलं, सात. मग मी फोन उशीपाशी ठेवला आणि झोपले. अशी गाढ झोपले, की उठले तेव्हा उशी घामानं ओली आणि अंग हलकं. पानावर अठरा. सहा सेकंदांपूर्वी विचारला.

रिक्षा केली. जिन्यात तीनच माणसं होती. वर पोचले तेव्हा बावीस नंबर बाहेर येत होता. बाईंनी बटण दाबलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि आतल्या खोलीकडं हात केला.

"जा. वेळेवर आलात."